वत्सगुल्म किती घरांत बसतं?

प्रश्न : निवृत्त झाल्यापासून पेपरातलं शब्दकोडं रोज घेऊन बसतो, पण निम्म्यावर गाडी अडते. हे शिकता येतं का, की शब्दसंग्रह मुळातच दांडगा लागतो? आणखी एक, आमचे वडील कोड्यांना जुगार म्हणायचे. ते का?
– एक वाचक, वाशिम

उत्तर : शिकता येतं. मात्र शब्द आठवण्याआधी घरं मोजायला शिकावं लागतं. तुमच्याच गावापासून सुरुवात करू. ‘वाशिमचे प्राचीन नाव (४)’. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण व, त, स, गु, ल, म अशी फोड केलीत तर घरं कमी पडतील. मराठी कोड्यात जोडाक्षर अख्खं एका घरात राहतं आणि काना, मात्रा, वेलांटीही त्याच घरात. व-त्स-गु-ल्म, चोख चार.

समजा, हे नाव आठवलंच नाही. तिसऱ्या घरातून खाली उतरणारा शब्द बघा : ‘विजयाच्या मिरवणुकीत उधळतात (३)’. गुलाल! आता तिसऱ्या घरात ‘गु’ बसला आणि वत्सगुल्म जिभेवर आलं. इंग्रजी कोड्यात अशा छेदातून एक सुटं अक्षर मिळतं. मराठीत व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम हाती लागतात. त्यामुळे मराठी कोडं अडलं की डोकं खाजवण्यापेक्षा छेद शोधावा.

हाच छेद चूकही पकडतो. ‘शेत (३)’ म्हटलं की वऱ्हाडी माणूस बेलाशक ‘वावर’ लिहितो. पण पहिलं घर आडव्या ‘वाशिम’च्या दुसऱ्या घरातून येत असेल, तर तिथे ‘शि’ आहे. कोडीकाराला ‘शिवार’ हवंय. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. ‘मूल’मधला ‘मू’ आणि ‘मुलगा’मधला ‘मु’ एका घरात नांदत नाहीत. काही कोडीकार इथे सवलत घेतात, पण तिच्यावर विसंबू नका. आणि बोलताना खुशाल ‘डोया’ म्हणा, घरात मात्र ‘ळा’च लिहा.

शब्दसंग्रह हळूहळू वाढतो, कारण कोड्यांत तेच ते शब्द फिरून येतात. अनिल म्हणजे वारा, अनल म्हणजे अग्नी. या जोडीने भल्याभल्यांना फसवलंय. पाण्यासाठी नीर, उदक, सलिल. घरासाठी सदन, आलय, निकेतन. अडलेला शब्द दुसऱ्या दिवशी उत्तरात सापडला की वहीत टिपून ठेवा. सूत्राचं व्याकरणही वाचा. ‘घरे’ असं अनेकवचन दिलं असेल तर उत्तर ‘सदने’ असणार, ‘सदन’ नव्हे.

आता वडिलांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नव्हतं. आर्थर विन यांचं पहिलं आधुनिक शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं, ते निव्वळ करमणुकीसाठी. आपल्याकडे मात्र स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रवेशफी भरून खेळायच्या बक्षिसी कोड्यांचं पेव फुटलं. त्यांत एकाच सूत्राला दोन-दोन शब्द चपखल बसायचे आणि संपादकाच्या बंद पाकिटातला शब्द तेवढा बरोबर ठरायचा. १९५५मध्ये केंद्र सरकारने कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की कौशल्याऐवजी नशिबावर चालणारी अशी स्पर्धा हा जुगारच.

रोजच्या कोड्यात पाकीट नसतं. ‘वावर’ की ‘शिवार’, याचा निवाडा छेदणारं घर करतं. म्हणून तुमचा छंद जुगारात मोडत नाही.

उद्यापासून एवढंच करा. पेनाऐवजी पेन्सिल घ्या. आडव्यातला पहिलाच शब्द सुटायला हवा, हा हट्ट सोडा. ज्याची खात्री आहे असा एक शब्द कुठेही भरा आणि त्याला छेदणारे शब्द आधी बघा. मधेच अडलात तर पेपर बाजूला ठेवून चहा घ्या. परतल्यावर नजर वेगळ्या घरावर पडते.

आणि हे तुमच्यासाठी : ‘मानोरा तालुक्यातले बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र (५)’. तिसरं घर ‘रा’. वाशिमकराला याहून जास्त सांगणं बरं नव्हे.