जुना मालट्रक विकत घेताना घ्यावयाची दक्षता

गळीत हंगाम जवळ आला, की ऊसवाहतुकीसाठी जुना मालट्रक खाजगी मालकाकडून घेण्याचा विचार कोल्हापूर जिल्ह्यातील पुष्कळ शेतकरी करतात. केवळ नव्या रंगावरून गाडीची पारख करू नये. विसार देण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीसह पुढील तपासणी करावी.

१. सांगाडा : जादा भाराने चासीस तडे जातात. मोकळा ट्रक दिवसाउजेडी खालून पाहावा. स्प्रिंगच्या बैठकीजवळ ताजे वेल्डिंग आढळल्यास सावध व्हावे.

२. इंजिन : इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे, पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास आतील बिघाड समजावा. नंतर इंजिन सुरू करावयास लावावे. तापल्यावरही निळसर धूर येत राहिल्यास ऑईल जळत आहे असे जाणावे. ही दुरुस्ती खर्चाची असते.

३. चाके व ब्रेक : टायर एकाच बाजूने झिजला असल्यास पुढील आस अगर किंगपिन तपासून घ्यावी. ब्रेकची परीक्षा उतारावर, बेताच्या वेगात करावी.

४. कागदपत्रे : चासी व इंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः जुळवावेत. योग्यता प्रमाणपत्र, विमा व कर यांच्या मुदती पाहाव्यात. कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ घ्यावा. कर्नाटकातील गाडीस तेथील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नमुना २९ व ३० भरून मालकी त्वरित बदलावी. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून नोंद बदलण्यात विकणाऱ्याचेही हित आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती हंगामापूर्वीच शेतकऱ्यांस समजावून द्यावी.