शांत राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे



एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याची प्रभूची शिकवण (मत्तय ५:३९) आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ‘सोसावे आणि गप्प बसावे’ असा तिचा अर्थ आपण अनेकदा लावतो. प्रभू स्वतः कसा वागला ते योहानाच्या शुभवर्तमानात पाहू. प्रमुख याजकापुढे शिपायाने त्याला चपराक मारली. येशूने हात उचलला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर ते सिद्ध कर, बरोबर असेल तर मारतोस का, असे त्याने विचारले (योहान १८:२२-२३). अहिंसेचे मर्म हेच. मारणाऱ्याला न दुखवता त्याला उत्तर द्यायला लावणे.

याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. शहापूर तालुक्यातील तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. पुढे भातसाही आले. तरीही उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. शेजारच्या मुरबाडमध्ये महानगराच्या पाण्यासाठी काळू नदीवर धरण बांधायचे ठरले. त्यात जवळजवळ १,००० हेक्टर वनजमीन बुडणार होती. वनखात्याच्या कायद्याची परवानगी मिळण्याआधीच २०११ साली काम सुरू झाले. तेथील आदिवासी आणि शेतकरी श्रमिक मुक्ती संघटनेच्या माध्यमातून एकत्र आले. त्यांनी ग्रामसभांत विरोधाचे ठराव केले, मोर्चे काढले आणि मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१२ साली न्यायालयाने काम थांबवले. कायदा मोडण्याची त्यांना गरज पडली नाही. कायदा पाळा, एवढेच त्यांनी सरकारला सांगितले.

या लढ्यातून आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली, निसर्गाशी नाते. कातकरी, ठाकर, महादेव कोळी बांधवांना जंगल म्हणजे सरपण, रानभाज्या, मोह आणि औषध. ते पोटाशी बांधलेले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात हेच सांगितले : पृथ्वीचे दुःख आणि गरिबाचे दुःख वेगवेगळे करता येत नाही.

दुसरी, स्वतःशी नाते. अन्याय पाहून राग येणे पाप नाही. पण राग मनात मुरला की त्याचा द्वेष होतो, आणि द्वेषाने भरलेला माणूस न्याय मागता मागता सूड मागू लागतो. म्हणून आंदोलनाइतकीच प्रार्थना आणि आत्मपरीक्षणाची गरज आहे.

तिसरी, समाजाशी नाते. शहराची तहान खोटी नाही. आपलीच मुले-भावंडे कल्याण-मुंबईला राहतात, तेच पाणी पितात. ‘ते’ आणि ‘आपण’ अशी भिंत घालून प्रश्न सुटत नाही. पाणी कोणाला, किती आणि कोणाच्या घराच्या मोबदल्यात, हे सर्वांनी मिळून ठरवायचे असते.

अहिंसेच्या मार्गाने नेहमी विजय मिळतो असेही नाही. काळू धरणाचा विषय त्या स्थगितीनंतरही पुन्हा पुन्हा पुढे आला आहे. वसईत ‘हरित वसई’च्या लढ्यात दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांबरोबर उभे राहिले. तेथील हिरवाई पुष्कळ गेली, पण जी उरली ती लोक बोलले म्हणून. फळ आपल्या हातात नसते, साक्ष देणे मात्र असते.

मग आपण काय करू शकतो? ग्रामसभेला ‘आपले काय तेथे’ म्हणून जाणे टाळतो, ते सोडू या. पाणी, जंगल, जमीन यांचा विषय निघाला की उठून बोलू या, ठराव लिहून घ्यायला लावू या. बोलताना कोणाचा अपमान करू नये. घाबरूनही राहू नये.

लहान समूहाच्या बैठकीत यावर विचार करावा :

१) आपल्या पाड्यावर असा कोणता अन्याय आहे, जो आपण केवळ भांडण नको म्हणून सोसतो?

२) ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्यासाठी आपण प्रार्थना केली आहे का?

३) मागच्या ग्रामसभेला आपल्या घरातून कोण गेले होते?

प्रभू आपणांस धैर्य आणि शांती देवो.