मनाई करताना

चि. सायली हिस,


सालामांकाला तुझे स्पॅनिशचे वर्ग सुरू झाल्याचं आईकडून कळलं. आज्ञार्थ पाठ असताना त्याच्यापुढे नुसतं ‘नो’ लावून का भागत नाही, असं तू विचारलं आहेस. हे नीट समजून घे, कारण इथे चुकलेलं वाक्यही कानाला बरोबरच वाटतं, फक्त अर्थ भलताच निघतो.

‘आब्ला’ म्हणजे बोल. पण ‘नो आब्ला’ म्हटलंस, तर ऐकणाऱ्याला ‘तो बोलत नाही’ असं कळेल. ‘नो आब्लास’ म्हणजे ‘तू बोलत नाहीस’. मैत्रिणीला गप्प करायचं तर ‘नो आब्लेस’ असंच म्हणावं लागतं. स्पॅनिशमध्ये आज्ञार्थाला नकार जोडताच येत नाही. मनाई करताना ही भाषा आज्ञार्थ सोडून देते आणि इच्छा, शंका, अपेक्षा सांगणारं सुबखुंतीवोचं रूप घेते. आपणही ‘बोल नको’ म्हणत नाही, ‘बोलू नकोस’ म्हणतो. मात्र आपल्याकडे माणसाप्रमाणे नकोस, नका हे बदलतं आणि ‘बोलू’ तसंच राहतं. तिथे ‘नो’ जागचा हलत नाही, सगळा भार क्रियापदाच्या शेवटावर येतो.

रूप करताना मूळ धातूपासून निघू नकोस, ‘मी’च्या वर्तमानकाळी रूपापासून नीघ. आब्लो, कोमो, आब्रो. शेवटचा ‘ओ’ काढ. ‘आर’ने संपणाऱ्या धातूंना ‘एस’ लाव आणि ‘एर’, ‘इर’वाल्यांना ‘आस’: नो आब्लेस, नो कोमास (खाऊ नकोस), नो आब्रास (उघडू नकोस). ‘आर’चा आ जाऊन ए येतो, बाकीच्यांत आ येतो, म्हणून स्वरांची अदलाबदल एवढंच पुष्कळजण लक्षात ठेवतात. मला ते अपुरं वाटतं. ‘मी’पासून निघायची सवय लागली, की ‘तेंगो’वरून (माझ्याकडे आहे) ‘नो तेंगास’ आपोआप जमतं. नुसत्या अदलाबदलीने ते कधीच सुचणार नाही.

घरमालकीणबाईंशी ‘उस्तेद’ने (आदरार्थी ‘तुम्ही’) बोलत असशील, तर शेवटचा ‘स’ गाळ: ‘नो आब्ले’. इथे आघात पहिल्या ‘आ’वरच हवा. तो ‘ले’वर गेला, की ‘मी बोलले नाही’ असा अर्थ होतो. लिहिताना त्या भूतकाळी रूपाच्या शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह असतं, मनाईच्या रूपावर नसतं. खोलीतल्या मुलींना एकत्र सांगायचं तर स्पेनमध्ये ‘नो आब्लेइस’. लॅटिन अमेरिकेतली कुणी वर्गात असेल, तर ती ‘नो आब्लेन’ म्हणेल. दोन्ही शुद्धच आहेत.

‘पागार’ (पैसे देणे) आणि ‘तोकार’ (हात लावणे) यांची रूपं लिहिताना अक्षरं बदलतात, कारण उच्चार टिकवायचा असतो. ‘नो पागेस’मध्ये ‘जी’नंतर ‘यू’ घाल, नाहीतर ‘ग’चा घशातला ‘ख’ होतो. ‘नो तोकेस’मध्ये ‘सी’च्या जागी ‘क्यू-यू’ येतं.

सर्वनामाकडेही लक्ष दे. ‘लेबान्ताते’ म्हणजे ऊठ. त्यातला ‘ते’ क्रियापदाला मागून चिकटतो. मनाईत तोच सुटा होऊन पुढे येतो: ‘नो ते लेबान्तेस’.

रस्त्यावरच्या पाट्यांवर ‘नो फुमार’ (धूम्रपान करू नये), ‘नो तोकार’ असे मूळ धातूच दिसतील. ती सर्वांसाठीची सूचना आहे, तिथे ते योग्यच. समोरच्या माणसाशी मात्र तसं बोलू नकोस. दिवसभरात तू स्वतः कुणाला काय काय ‘नको’ म्हणतेस, त्यातली दहा वाक्यं स्पॅनिशमध्ये लिहून मला पाठव. मी तपासून देईन.

तुझी,
मावशी