नोकरी सोडण्यापूर्वीचा विचार

गृहस्थाश्रमाचा भार चरितार्थावर असतो, आणि भोपाळातील मराठी कुटुंबांचा चरितार्थ बहुतांशी नोकरीवरच उभा राहिला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर अनेक घरे येथे आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने आणखी कित्येकांना आणले. ज्या घरांनी नोकरीसाठी गाव सोडला, त्याच घरांतील मुलगा किंवा सून आज ‘दुसरी जागा हाती नाही, तरी ही सोडते’ असे म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स व्हावे हे स्वाभाविक होय. परंतु भीतीने निर्णय होत नाही, तसा तो उतावीळपणानेही होत नाही. म्हणून या प्रश्नाचा क्रमाने विचार करू.

लोकमान्य टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. सहकाऱ्यांसह त्यांनीच ती १८८४ साली स्थापन केली होती. परंतु आजीव सभासदांनी बाहेर अर्थार्जन करावे की नाही, यांसारख्या प्रश्नांवर मतभेद विकोपास गेले. दुसरी नोकरी ठरवून ते बाहेर पडले नाहीत. मात्र कायद्याची पदवी त्यांच्यापाशी होती. वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी ते वर्ग चालवीत, आणि लातूर येथे भागीदारीत त्यांनी कापसातील सरकी काढण्याचा कारखानाही घातला. तात्पर्य, त्यांच्या हाती जागा नव्हती, पण विद्या होती व तिच्यातून संसार चालविण्याचा मार्ग होता. त्यांच्या धैर्यास हिशेबाची जोड होती, हे आपण विसरतो.

उलट न्यायमूर्ती रानडे यांनी सरकारी नोकरी १९०१ साली देहावसान होईपर्यंत सोडली नाही. सरकारच्या संशयामुळे झालेल्या बदल्या त्यांनी सोसल्या आणि नोकरीत राहूनच सार्वजनिक कार्य केले. एक सोडून मोठे झाले, एक राहून मोठे झाले. तेव्हा सोडणे अथवा राहणे यांत स्वतःचे असे पुण्य नाही. कारण कोणते आणि तयारी किती, हाच खरा प्रश्न होय.

कारणाविषयी गीतेचा अठरावा अध्याय मार्गदर्शक आहे. केवळ कष्टाच्या भयाने केलेल्या त्यागास तेथे राजस म्हटले आहे, आणि अशा त्यागाचे फळ मिळत नाही असे सांगितले आहे. वरिष्ठाच्या एका शब्दाचा राग महिन्याभरात ओसरतो. घरभाडे मात्र दर महिन्यास द्यावेच लागते. परंतु खोट्या कागदावर सही करण्याची सक्ती होत असेल, किंवा प्रकृती ढासळत असेल, तर केवळ पगारासाठी थांबावे असे आम्ही म्हणणार नाही.

तयारीविषयी चार गोष्टी पाहाव्यात. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस असावा, व त्यात मुलांची फी आणि आईवडिलांची औषधे धरलेली असावीत. कर्जाचे हप्ते मोजावेत. राजीनाम्याच्या मुदतीची अट व ग्रॅच्युइटीचा हक्क तपासावा. कायम नोकरास ती सामान्यतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. जुन्या निवृत्तिवेतनाखालील केंद्रीय नोकराने तर विशेष जपावे: राजीनामा दिल्यास मागील सेवा सामान्यतः बुडते, पण वीस वर्षे भरल्यावर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतल्यास निवृत्तिवेतन राहते. एका शब्दाच्या फरकाने म्हातारपणाचा आधार जाऊ शकतो.

चौथी गोष्ट पैशाची नव्हे. निर्णय घरात सांगून घ्यावा, घेऊन मग सांगू नये. आणि वडिलांनीही ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न प्रथम विचारू नये. ‘तुला तेथे काय सोसावे लागते?’ हे विचारावे. ज्या घरात हे मोकळेपणी बोलता येते, त्या घरात नोकरी राहिली तरी मन कुढत नाही, आणि गेली तरी संसार उघडा पडत नाही.