तहानेच्या गावात बुडालेला वड

आमच्या छत्रपती संभाजीनगरात घरातली कामं वारांवर नाही, नळावर ठरतात. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, तरी नळ काही दिवसांआडच येतो. त्या दिवशी पिंप, बादल्या, कळशा सगळं भरायचं. गॅलरीतल्या बोन्साय वडालाही मी त्याच रांगेत बसवलं होतं. ट्रेखालची बशी काठोकाठ भरली, की पुढच्या नळापर्यंत मी बिनघोर!

मे महिन्यात खालची जुनी पानं पिवळी पडू लागली. सासूबाई म्हणाल्या, "ऊन काय तापलंय बाई, पाणी घाल की त्याला." पारा चाळिशीपार गेलेला, मलाही पटलं. आणखी पाणी घातलं. पंधरा दिवसांत नुसता धक्का लागला तरी पान गळायला लागलं. शेवटी झाड उपसलं, तर आंबूस वास. मुळं काळी पडलेली. चिमटीत धरली की साल निघून यायची आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरायचा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आपली काळी माती शेतात सोनं, पण उथळ ट्रेमध्ये चिखल. त्यात फसायला होतं ते असं, की सडलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून बुडालेलं झाडही तहानलेलंच दिसतं.

काळी मुळं कापली. चाळून धूळ काढलेला मुरूम, विटांचे बारीक खडे आणि थोडं कंपोस्ट यांत झाड पुन्हा लावलं, तीन आठवडे सावलीत ठेवलं. वरून वेगळं खत अजिबात नाही. आजारी मुळांना ते झेपत नाही. बशी कायमची काढली.

पावसाळ्यात वड सावरला. मग मला शहाणपण सुचलं: आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडाला! आमच्या सोसायटीत नळाशिवाय बोअरचंही पाणी, ते आधीच जड. आरओ त्यातले क्षार याच टाकाऊ पाण्यात सोडतं. दिवाळीपर्यंत ट्रेच्या काठावर पांढरी खपली धरली आणि या वेळी कोवळी पानं पिवळी झाली, शिरा मात्र हिरव्यागार. चुनखडीच्या पाण्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोहाची फवारणी केली, पाणी बदललं, तेव्हा नवी पालवी हिरवी आली.

म्हणून पान पिवळं दिसलं की झारी उचलू नका. आधी ते जुनं की कोवळं ते बघा. पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके असतील, तर पान उलटून लाल कोळी शोधा. आणि पिंपळाचं बोन्साय असेल तर माघ-फाल्गुनात घाबरू नका, पानं टाकणं हा त्याचा स्वभावच. पावसाचं पाणी जमेल तेवढं साठवा. झाडाला त्याहून चांगलं काही नाही.

आज नळ आला होता. पिंप भरलं. वडाच्या मातीत टूथपिक खुपसून पाहिली, ओली निघाली. त्याला आज पाणी नाही.