घटक ६ : व्यावसायिक संघटनेतील नेतृत्व आणि संज्ञापन – मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अनुषंगाने

६.१ प्रास्ताविक

सभेची सूचना, विषयपत्रिका, ठराव आणि इतिवृत्त हे लेखनप्रकार व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपल्या परिचयाचे झाले आहेत. त्यांचे नमुने बहुधा सहकारी संस्थेचे किंवा सार्वजनिक वाचनालयाचे असतात. प्रस्तुत घटकात व्यावसायिकांच्या संघटनेतील संज्ञापनाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांची संघटना निवडली आहे. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे हाच ज्यांचा व्यवसाय, ती माणसे एकत्र आल्यावर परस्परांचे कितपत ऐकतात, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरेल.

६.२ समानांमधील नेतृत्व

महाराष्ट्रात अशा संघटनेची नोंदणी सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोहोंखाली होते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवाल सादर करावा लागतो. त्या वेळी सभेची सूचना आणि इतिवृत्त यांना पुराव्याचे मोल येते. म्हणून इतिवृत्ताकडे केवळ कारकुनी काम म्हणून पाहता येत नाही.

तथापि संघटनेचा अध्यक्ष हा कार्यालयाचा साहेब नव्हे. सभासद त्याच्याकडून वेतन घेत नाहीत. उलट तेच वर्गणी भरतात आणि नाराज झाल्यास निघून जातात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने १९८८ मध्ये हा अनुभव घेतला. संशोधक आणि व्यवसायी यांच्यातील तणाव मिटविण्यासाठी मांडलेली पुनर्रचनेची योजना सभासदांच्या मतदानात फेटाळली गेली आणि त्याच वर्षी संशोधकांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली. अशा ठिकाणी ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावे’ हे आज्ञार्थी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी संबंधाच्या दृष्टीने चुकीचे ठरते.

६.३ पत्रव्यवहारातून उभी राहिलेली संस्था

भारतातील एक जुने उदाहरण कलकत्त्याचे आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये तेथे भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. फ्रॉइड आणि बोस यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही; त्यांचा सारा संबंध पत्रांतून घडला. त्या पत्रांत आदर आहे, तसेच सिद्धांताविषयी स्पष्ट मतभेदही आहेत. दूरच्या मान्यवराशी असा संवाद साधणारे बोस स्वतःच्या संस्थेत मात्र १९५३ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, अध्यक्षपदी राहिले. संस्थापकाच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही. परंतु जेथे अध्यक्ष बदलतच नाही, तेथे विरोधी मत कोणत्या भाषेत मांडावे याचा सराव सभासदांना होत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

६.४ मौनाचे संज्ञापन

संज्ञापन म्हणजे जे सांगितले जाते तेवढेच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात जे सांगितले जात नाही तेही अर्थ निर्माण करते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संघटनेने २००५ मध्ये एक कृतिगट नेमला. लष्करी कैद्यांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी सहभाग घ्यावा काय, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. गटाच्या बहुसंख्य सदस्यांचा संबंध लष्कराशी किंवा गुप्तचर यंत्रणांशी होता आणि अहवालात सदस्यांची नावे छापलेली नव्हती. प्रातिनिधिक परिषदेची वाट न पाहता कार्यकारी मंडळाने तातडीच्या अधिकारात तो अहवाल मंजूर केला.

अहवालाची भाषा वरवर आश्वासक होती. चौकशी ‘सुरक्षित, कायदेशीर, नैतिक आणि परिणामकारक’ राहावी यासाठी मानसशास्त्रज्ञ साहाय्य करतात, असा त्याचा आशय होता. चार विशेषणे एका ओळीत मांडली की, त्यांच्यात विरोध संभवतो हे वाचकाच्या लक्षात येत नाही. एखादी गोष्ट परिणामकारक असूनही नैतिक नसेल, तर निवड कोणती? अहवालाच्या शैलीने हा प्रश्न झाकला.

काही सभासदांनी तो उघड केला. त्यांनी पत्रे लिहिली, वर्गणी रोखली, राजीनामे दिले. २००८ मध्ये त्यांच्या आग्रहामुळे टपालाने सार्वमत घेतले गेले आणि सुमारे ५९ टक्के मते सहभागाच्या विरोधात पडली. पुढे संघटनेनेच नेमलेल्या वकिलाचा विस्तृत अहवाल जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संघटनेच्या काही अधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांशी संधान बांधून नैतिक नियम सैल ठेवले, असा निष्कर्ष त्यात होता. नावे आलेल्यांपैकी काहींनी त्याविरुद्ध बदनामीचे दावे दाखल केले, हेही नोंदविले पाहिजे. ऑगस्ट २०१५ मध्ये टोरांटो येथील बैठकीत परिषदेने अशा चौकशांतील सहभागास मनाई करणारा ठराव १५७ विरुद्ध १ मताने संमत केला. २००५ चा निर्णय आणि हा ठराव यांत दहा वर्षे गेली. अंतर्गत संज्ञापन बिघडले तर त्याची किंमत संघटनेबाहेरच्या माणसांना मोजावी लागते. येथे ती माणसे कोठडीत होती.

६.५ सोलापूरच्या संदर्भात

आता आपल्या परिसराकडे वळू. समजा, सोलापुरातील समुपदेशक, मानसशास्त्राचे अध्यापक आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांनी जिल्हा संघटना स्थापन केली. दहावी-बारावीच्या निकालापूर्वी तिला प्रसिद्धिपत्रक काढावयाचे आहे. पहिला वाद स्वाक्षरीखालील पदनामावर होईल. औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचे शिक्षण व अधिकार वेगळे. वृत्तपत्रे हे तिन्ही शब्द सर्रास अदलाबदलीने वापरतात. मथळा लिहिणाऱ्याला ती चूक क्षुल्लक वाटेल; चुकीच्या दारात गेलेल्या कुटुंबाला मात्र ती महाग पडते.

दुसरा प्रश्न भाषेचा. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदतात. विडी कामगार स्त्री ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘जीव लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’ असे म्हणते. परिभाषा कोशातील संज्ञा सभासदांच्या चर्चेत आवश्यकच आहे. मराठी मानसशास्त्र परिषदेसारख्या संस्थांनी शास्त्रीय चर्चा मराठीत रुजविली, हे त्यांचे कार्य मोलाचे आहे. पण पत्रकात कोणता शब्द जाईल हे ठरविताना वस्तीत काम करणाऱ्या कनिष्ठ समुपदेशकाचे मत ज्येष्ठ प्राध्यापकाच्या मताइतकेच ऐकले जाते काय, यावर त्या संघटनेचे नेतृत्व पारखता येईल.

तिसरी बाब कायद्याची. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे तो गृहीत धरतो आणि उपचार घेणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई करतो. साहजिकच पत्रकात कोणाचेही उदाहरण ओळख पटेल अशा रीतीने येऊ नये. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मात्र पहिल्याच परिच्छेदात, ठळक अक्षरांत असावा.

स्वाध्याय

१. ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावे’ हे वाक्य व्यावसायिक संघटनेस शोभेल असे पुन्हा लिहा आणि केलेल्या बदलाची कारणे द्या.

२. कार्यकारिणीच्या सभेत एका सभासदाने ठरावास विरोध नोंदविला आहे. त्याचे म्हणणे सौम्य न करता आणि उपरोधही न आणता इतिवृत्तात पाच ओळींत लिहा.

३. ६.५ मधील प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा सुमारे १५० शब्दांत तयार करा. तो घरातील कमी शिकलेल्या व्यक्तीस वाचून दाखवा आणि तिने अडखळून विचारलेल्या शब्दांची यादी सोबत जोडा.