केसांचा रंग आणि निर्णयाचा आरसा
(इयत्ता नववी-दहावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासाठी अभ्यासलेख)

मे महिन्याची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परतू लागली की त्यांच्याबरोबर दरवर्षी एक प्रश्नही परततो. मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांचे केस कधी तांबूस, कधी सोनेरी झालेले असतात. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या सलूनमध्ये रंगांचे तक्ते भिंतीवर लागलेले असतात. मग चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी विचारते, "मी केस रंगवले तर काय बिघडेल?" बहुतेक घरांत याला एका शब्दाचे उत्तर मिळते, 'नाही'. बहुतेक मित्रमंडळींत दोन शब्दांचे मिळते, 'रंगव की'. दोन्ही उत्तरांनी विचार तिथल्या तिथे थांबतो. हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला, तरी स्वतःच्या शरीराविषयी स्वतः विचारपूर्वक निर्णय घेण्याची ती अनेकांच्या आयुष्यातील पहिली संधी असते. म्हणून तो येथे अभ्यासाचा विषय मानला आहे.

१. केस म्हणजे काय?

केस त्वचेखाली, मुळाशी जिवंत असतो. त्वचेबाहेर आलेला भाग हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतू होय. डोक्यावरचा केस महिन्याला साधारणपणे एक सेंटीमीटर वाढतो. त्याला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. त्याचा एक प्रकार काळा-तपकिरी असतो, तर दुसरा तांबूस. या दोहोंच्या प्रमाणावरून प्रत्येकाच्या केसांची छटा ठरते.

आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. तीव्र उन्हाने मेलॅनिनचा ऱ्हास होतो आणि खाऱ्या पाण्याने केस कोरडे पडतात. त्यामुळे देवबाग-तारकर्लीच्या वाळूत दिवसभर वावरणाऱ्या मुलांचे केस कोणताही रंग न लावता तांबूस दिसू शकतात. आहारात प्रथिनांची तीव्र कमतरता असली तरीही केस विटतात. काही मुलांचे केस आनुवंशिकतेमुळे किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे शाळकरी वयातच पांढरे होऊ लागतात. तेव्हा एखाद्याचे डोके पाहून लगेच आरोप करणे अथवा थट्टा करणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. अकाली पांढऱ्या झालेल्या केसांसाठी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रंगाचा विचार त्यानंतर करावा.

२. रंग कोठून आला?

मेंदीच्या पानांनी केस रंगवण्याची प्रथा फार जुनी आहे. कृत्रिम रंगांचा इतिहास मात्र एका किशोरापासून सुरू होतो. १८५६ मध्ये लंडनमधील विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनाइन हे औषध प्रयोगशाळेत तयार करता येईल का, याचा शोध घेत होता. औषध साधले नाही. परंतु भांड्यात उरलेल्या काळ्या गाळातून त्याला सुंदर जांभळा रंग मिळाला. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग बनवण्याचा उद्योग त्यातून उभा राहिला. पुढे १९०७ मध्ये पॅरिसमध्ये युजीन श्युलेर या रसायनतज्ज्ञाने कृत्रिम केशरंग विकण्यास आरंभ केला.

आज मिळणारा टिकाऊ रंग कसा काम करतो, हे समजून घेऊ. अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ केसाच्या बाहेरील खवल्यांचे आवरण उघडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आतील मेलॅनिन फिकट करतो. पीपीडी या नावाने ओळखले जाणारे द्रव्य, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाईन, आत शिरून रंगाचे मोठे रेणू बनवते व ते तेथेच अडकून राहतात. काळे केस सोनेरी करायचे तर मेलॅनिन अधिक प्रमाणात काढावे लागते, म्हणून केसांची हानीही अधिक होते. खारी हवा, पोहणे आणि ऊन यांची त्यात भर पडते. खोबरेल तेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आपल्या आजीने न शिकता जपलेले ते ज्ञान होते.

पीपीडीमुळे काहींना तीव्र अॅलर्जी होते. डोक्याला खाज सुटते, फोड येतात, डोळे व चेहरा सुजतो. एकदा जडलेली ही अॅलर्जी बहुधा जन्मभर राहते. म्हणून रंग लावण्याच्या ४८ तास आधी त्वचेच्या लहानशा भागावर चाचणी करण्याची सूचना पुड्यांवर असते. युरोपीय संघात अशा रंगांवर 'सोळा वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' असा इशारा छापणे बंधनकारक आहे. 'काळी मेंदी' या नावानेही फसू नये. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस असतो. तो तत्काळ काळा येत असेल, तर त्यात बहुधा हेच रसायन मिसळलेले असते.

३. केसांवर सत्ता कोणाची?

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातील बालपणाची आठवण नोंदवली आहे. गावात न्हावी होते आणि पैसे देण्याची ऐपतही होती. तरीही अस्पृश्याच्या केसांना हात लावायला कोणी तयार नव्हते. भावंडांचे केस थोरली बहीणच कापी आणि सततच्या सरावाने ती त्यात निष्णात झाली होती. डोक्यावरच्या केसालाही जात चिकटवणारी ही व्यवस्था होती.

त्याच काळात उच्चवर्णीय विधवांचे केस त्यांच्या इच्छेविरुद्ध उतरवले जात. त्यांतील कित्येक जणी आजच्या नववी-दहावीतील मुलींच्या वयाच्या होत्या. १८९० मध्ये सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी केशवपनाविरुद्ध संप पुकारला. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. न्यायाच्या इतिहासातील ही घटना आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी.

या दोन्ही प्रसंगांत केस ज्यांचे होते, त्यांना विचारण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. आज पंधरा वर्षांची मुलगी सलूनमध्ये बसून आपल्या केसांचे काय करायचे ते सांगू शकते, हे स्वातंत्र्य पूर्वजांच्या संघर्षातून आले आहे. ते हिरावून घेऊ नये, तसेच जाहिरातीच्या किंवा मित्रमंडळींच्या स्वाधीनही करू नये. न्हाव्याची मनाई गेली आणि तिची जागा बाजाराच्या हुकमाने घेतली, तर निर्णय पुन्हा दुसऱ्याचाच ठरतो.

४. धम्माची कसोटी

केस रंगवल्याने पंचशीलाचा भंग होत नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. शृंगार व अलंकरणापासून विरतीची शिकवण अष्टशीलातील सातव्या शीलात आहे आणि उपासक-उपासिका ती उपोसथाच्या दिवशी स्वेच्छेने पाळतात. पांढरे केस उपटून काढण्याची मनाई विनयात आहे. पण ती भिक्खूंसाठी. गृहस्थ मुलांवर भिक्खूंचे नियम लादण्याचे कारण नाही.

परंतु धम्म विचार करायला शिकवतो. मखादेव जातकात मिथिलेच्या राजाने आपल्या न्हाव्याला सांगून ठेवले होते की, डोक्यावर पहिला पांढरा केस दिसताच मला कळव. तो दिवस आला तेव्हा न्हाव्याने केस उपटून राजाच्या हातावर ठेवला. राजाने राज्य पुत्राच्या स्वाधीन केले आणि प्रव्रज्या घेतली. पांढरा केस त्याच्यासाठी अनित्यतेचा निरोप होता. केस वाढतो, रंग बदलतो आणि गळतो. जे इतके अनित्य आहे, त्यावर आपली सगळी प्रतिष्ठा टांगू नये, एवढा बोध किशोरालाही घेता येतो.

निर्णयासाठी याहून जवळचे सूत्र मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात आहे. बालवयातील राहुलाला तथागतांनी आरशाचा दाखला दिला. आरशात जसे पाहावे, तसे आपल्या कृतीकडे तीन वेळा पाहावे: करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. तिने स्वतःला, इतरांना किंवा दोघांनाही दुःख होते का, ते तपासावे. झालेली चूक जाणत्यांजवळ उघड करावी आणि पुढे संयम ठेवावा. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात वारंवार श्रवण करण्याजोग्या धम्मवचनांची जी नावे कोरवली, त्यांत राहुलाला केलेल्या उपदेशाचाही समावेश आहे.

५. आरसा तीन वेळा

करण्यापूर्वी: हे मला हवे आहे, की गटात सामावण्यासाठी हवे आहे? कोणी पाहणार नसते, तरी मी हे केले असते का? पैसे कोणाचे? वडिलांच्या होडीच्या मिळकतीतून किंवा आईच्या काजू कारखान्यातील मजुरीतून ते येत असतील, तर त्यांना विचारले का? रंग एकदा लावून भागत नाही. दीड महिन्यात मुळाशी दीड सेंटीमीटर मूळ रंग दिसू लागतो. चाचणी केली का? वय सोळाच्या आत असल्यास थांबणे काय वाईट?

करीत असताना: जळजळ, खाज किंवा सूज जाणवली, तर लाजेपोटी बसून राहू नये. रंग ताबडतोब धुवावा व सांगावे. भुवया-पापण्यांना हा रंग कधीही लावू नये. डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.

केल्यानंतर: आनंद झाला का आणि तो किती टिकला? पश्चात्ताप झाला, तरी तोही शिक्षणच आहे. मुलाचे आखूड केस पाच-सहा महिन्यांत पूर्ण नवे येतात. चुकण्याची मुभा असलेल्या थोड्या निर्णयांपैकी हा एक आहे.

६. वसतिगृहाचा नियम आणि मोठ्यांचे कर्तव्य

निवासी शाळेला केसांविषयी नियम करण्याचा अधिकार आहे. येथे शेकडो मुले एकत्र राहतात, लहान मुले मोठ्यांचे अनुकरण करतात आणि प्रत्येक घराची ऐपत सारखी नसते. मात्र नियमामागचे कारण मुलांना समजावून सांगितले पाहिजे.

जपानमधील एक खटला येथे बोधप्रद आहे. ओसाका प्रांतातील एका विद्यार्थिनीला शाळेने केस काळे रंगवण्यास वारंवार सांगितले. आपले केस जन्मतःच तपकिरी आहेत, असे तिचे म्हणणे होते. २०१७ मध्ये तिने दावा दाखल केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने शाळेचा नियम अवैध ठरवला नाही. परंतु ती शाळेत येईनाशी झाल्यावर तिचे नाव यादीतून आणि तिचे बाक वर्गातून काढून टाकले, याबद्दल ३,३०,००० येन भरपाई देण्याचा आदेश दिला. नियम वैध असू शकतो, पण त्याच्या नावाखाली मूल वर्गाबाहेर फेकले जाता कामा नये, असा या निकालाचा आशय आपण घेऊ शकतो.

आपल्याकडेही शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. सर्वांसमोर मुलाचे केस कापणे ही शिस्त नव्हे. ज्या समाजाच्या केसांचा इतका अपमान झाला, त्याच्या शाळेत तरी कात्री दंडाचे साधन बनू नये. रंगवलेले केस घेऊन परतलेल्या मुलाशी एकांतात बोलावे, कारण विचारावे, केस वाढेपर्यंत मुदत द्यावी. पालकांनीही 'लोक काय म्हणतील' हे कारण पुढे करू नये. आरोग्य, पैसा आणि वय ही खरी कारणे मुलांना सांगावीत. खरे कारण मिळाले की मूल ऐकते, निदान विचार तरी करते.

मुलाने केस रंगवले की नाही, हे काही वर्षांनी कोणाच्या लक्षातही राहणार नाही. निर्णय त्याने कसा घेतला, ही सवय मात्र पुढे शिक्षण, व्यवसाय आणि जोडीदार निवडताना त्याच्या सोबत असेल. तीन वेळा आरशात पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या केसांच्या रंगाची चिंता आपण करण्याचे कारण उरत नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. तुम्ही अलीकडे घेतलेला एखादा निर्णय राहुलाला दिलेल्या तीन कसोट्यांवर तपासून लिहा.
२. लोखंडे यांच्या पुढाकाराने झालेल्या संपाचे महत्त्व स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. वसतिगृहासाठी केसांविषयी एक नियम तयार करा आणि त्याचे कारण लहान मुलाला समजेल असे लिहा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: त्यांच्या लहानपणी केस कोण कापत असे आणि कोठे?